सीक्यू डब्ल्यूपीएक्स : चार गावं, एक कॉलसाइन, सामाईक लॉग कसा ठेवायचा?

लांबतार

मार्चअखेरच्या सीक्यू डब्ल्यूपीएक्स एसएसबी स्पर्धेत (हौशी रेडिओवाल्यांची ४८ तासांची जागतिक स्पर्धा, आवाजाने बोलून) क्लबच्या कॉलसाइनवर (परवान्यात मिळालेलं रेडिओवरचं नाव) 'डिस्ट्रिब्युटेड' गटात उतरायचं घाटतंय. ज्यांना हा गट माहीत नाही त्यांच्यासाठी: एकच कॉलसाइन, वेगवेगळ्या ठिकाणची स्टेशनं, सहा बँडवर (वारंवारतेचे पट्टे, खालचे 'मीटर' त्यांचेच) मिळून जास्तीत जास्त सहा सिग्नल, पण एका बँडवर एका वेळी एकच. सगळी यंत्रणा एकाच डीएक्ससीसी देशात (हौशी रेडिओच्या यादीतला 'देश') आणि एकाच सीक्यू झोनमध्ये (जगाचे पाडलेले विभाग) हवी.

आमची मांडणी अशी:
पुणे : २० आणि १५ मीटर, दोन संगणक
सातारा : ४० मीटर
कोल्हापूर : १० मीटर
नागपूर : ८० आणि १६० मीटर, एकच रिग (रेडिओ संच)

सगळीकडे विंडोज आणि एन१एमएम लॉगर+ (संपर्क नोंदवणारं सॉफ्टवेअर) आहे. पुणे-नागपूरला फायबर, कोल्हापूरला केबलवाल्याचं नेट, साताऱ्याला गावाबाहेर फक्त फोर-जी राउटर.

सगळ्यांना एकच लॉग दिसायला हवा. प्रत्येक संपर्कात समोरच्याला सांगायचा सीरियल नंबर कोण देणार, हे कळत नाहीये. मध्येच एखाद्याचं नेट गेलं तर काय? काही सभासदांचं म्हणणं, कशाला उपद्व्याप, सरळ गूगल शीट उघडू.

---

डिट्डा

शीट विसरा. शीटमध्ये डुप (त्याच स्टेशनशी त्याच बँडवर पुन्हा झालेला संपर्क) कळत नाही, वारंवारता रिगमधून आपोआप येत नाही, वेळ जो तो आपल्या घड्याळाची टाकतो. आणि संपर्कांचा रेट तासाला शंभरावर गेला की पस्तीस-छत्तीस सेकंदांत कॉलसाइन, नंबर, वेळ टाइप करून पुढच्याला हाक मारायची असते. शिफ्ट कुणाची, हे लिहायला शीट ठीक. लॉगला नाही.

आता मुख्य मुद्दा. 'सगळ्यांना एकच लॉग दिसायला हवा' हे तुम्ही गृहीत धरलंय. तो किती हवा, ते नियम पाहून ठरवा.

सीरियल नंबर : अनेक ट्रान्समीटरच्या गटांत प्रत्येक बँडचे नंबर वेगळे चालतात. ४० वर ००१ पासून, १० वरही ००१ पासून. म्हणजे साताऱ्याला पुढचा नंबर कोणता, हे पुण्याला विचारायची गरजच नाही.
डुप : बँडवार मोजतात. ४० वर कोण होऊन गेलं हे ४० च्या संगणकाला माहीत असलं की पुरे.
मल्टिप्लायर (ज्याने एकूण गुणांना गुणतात तो आकडा) : इथे मात्र सामाईक लॉगचा उपयोग आहे. डब्ल्यूपीएक्समध्ये प्रीफिक्स (कॉलसाइनचा सुरुवातीचा भाग) सगळ्या स्पर्धेत एकदाच धरतात, बँडवार नाही. १५ वर मिळालेला प्रीफिक्स २० वर नवा नसतो. पण जाळं तुटलेलं असताना २० च्या पडद्यावर तो 'नवा' दिसला तर काय बिघडतं? काही नाही. संपर्काचे गुण मिळतातच.

तेव्हा प्रत्येक स्टेशनचा स्वतःच्या संगणकावरचा लॉग हाच खरा लॉग. जाळं ही सोय. ते ४८ तासांत तुटणारच असं धरून मांडणी करा.

---

बालून_एकास_एक

+१. फक्त एक खोच. बँड एका स्टेशनकडून दुसऱ्याकडे गेला की 'जाळं ही सोय' हे वाक्य लंगडं पडतं. तेव्हा पुढचा नंबर आणि डुप दोन्ही नव्या माणसाला लागतात. लांबतार, तुमचे बँड ४८ तास जागचे हलणार नाहीत का?

---

लांबतार

हलणार. साताऱ्याला दोनच ऑपरेटर आहेत. रात्री दोननंतर ४० नागपूरने घ्यावं असं ठरतंय, तिथे ४० चा डायपोल (अँटेना) आहे. आणि ४० सोडायचं नाही, कारण युरोपचा संपर्क २० वर ३ गुण देतो तर ४० वर ६.

---

वायरगार्डवाला

जाळ्याबद्दल.

पोर्ट उघडायच्या भानगडीत पडू नका. फोर-जीवर आणि बऱ्याच फायबर जोडण्यांवर ग्राहकाला स्वतःचा सार्वजनिक आयपी मिळतच नाही, एका पत्त्यामागे शेकडो लोक असतात. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केलं तरी बाहेरून आत काही येत नाही. दोन तास डोकं आपटल्यावर लोकांना हे कळतं. शिवाय लॉगरचा पोर्ट उघड्या इंटरनेटवर ठेवणं मुळातच बरं नाही.

व्हीपीएन घ्या. सोपं म्हणजे टेलस्केल. पाचही संगणकांवर टाका, एकाच खात्यात घ्या. प्रत्येकाला १०० ने सुरू होणारा कायमचा पत्ता मिळतो. मग एन१एमएमची 'नेटवर्क स्टेटस' विंडो उघडून:

१. पाचही संगणकांची नावं आणि टेलस्केलचे पत्ते हाताने भरा. एका खोलीतल्या लॅनवर संगणक एकमेकांना आपोआप सापडतात ते ब्रॉडकास्टमुळे, आणि टेलस्केलमधून ब्रॉडकास्ट जात नाही.
२. पुण्याचे दोन संगणक शेजारी-शेजारी असले तरी त्यांनाही टेलस्केलचेच पत्ते द्या. लॅन, वाय-फाय, व्हीपीएन असे तीन पत्ते असले की लॉगर भलताच उचलतो आणि एकाच बाजूने संपर्क दिसायला लागतात.
३. एकच संगणक मास्टर. ज्याची वीज आणि नेट सर्वात भरवशाचं, तो.
४. विंडोज फायरवॉल. व्हीपीएनचा अडॅप्टर विंडोज कधीकधी 'पब्लिक' समजतं आणि येणारं सगळं अडवतं. तो 'प्रायव्हेट' करा आणि १२०७० पोर्टला, टीसीपी आणि यूडीपी दोन्हींना, परवानगी द्या. 'पिंग होतंय पण लॉगर जोडत नाही' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच.
५. पाचही संगणकांवर एन१एमएमची एकच आवृत्ती. स्पर्धेच्या आदल्या दिवशी कुणी हौसेने अपडेट मारला तर तो मारणाऱ्याने बाकीच्या चौघांना उठवायचं.

डेटा किती लागतो म्हणाल तर नगण्य. एका संपर्काला काहीशे बाइट. ४८ तासांत फोर-जीचा डेटा लॉगर संपवत नाही, विंडोज अपडेट संपवतं. साताऱ्याच्या संगणकावर ती जोडणी 'मीटर्ड' करून ठेवा.

---

कोरडी_बॅटरी

झीरोटियर का नको? त्यातून ब्रॉडकास्ट जातं, पत्ते हाताने भरायला नकोत.

---

वायरगार्डवाला

चालेल की. मी पत्ते हाताने भरण्याच्या बाजूचा आहे, कारण मग काय कुठे जोडलंय ते कागदावर लिहिता येतं. रात्री तीन वाजता 'आपोआप सापडायला हवं होतं' या वाक्याचा उपयोग नसतो. ज्यांना स्वतःचा सर्व्हर भाड्याने घेऊन वायरगार्ड बसवायचंय त्यांनी प्रत्येक टोकाला कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा, नाहीतर फोर-जीवाला काही मिनिटं गप्प बसला की बाहेरून त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही. फोर-जीवर एमटीयू (डेटाच्या पाकिटाचा कमाल आकार) १२८० करा.

---

खरखर

वेव्हलॉगचा विचार केलात का? ब्राउझरमध्ये चालतं, क्लब स्टेशनची सोय आहे, कुणी कोणता संपर्क केला हे वेगळं राहतं. विंडोजची सक्ती नाही.

---

डिट्डा

विशेष कॉलसाइनसाठी, महिनाभर चालणाऱ्या उपक्रमासाठी वेव्हलॉग उत्तम. इथे नको. सर्व्हरपर्यंतचं नेट गेलं की साताऱ्याचा माणूस कागद-पेन्सिलीवर येतो. एन१एमएममध्ये नेट गेलं तर त्याला फक्त नेटवर्क विंडोत लाल दिसतं, तो बोलत राहतो. स्पर्धेनंतर एडीआयएफ फाइल (लॉगची, कुठल्याही लॉगरला वाचता येणारी) वेव्हलॉगमध्ये टाका, क्यूएसएलचं (संपर्काची पोच देण्याचं) काम तिथून करा.

---

बालून_एकास_एक

आता स्पर्धेची मांडणी, कारण बहुतेक चुका इथेच होतात.

प्रत्येक संगणकावर नवा डेटाबेस. जुन्या डेटाबेसमध्ये गेल्या वर्षीची स्पर्धा असली की रीसिंकच्या (सगळ्यांचे लॉग पुन्हा जुळवण्याच्या) वेळी गोंधळ. डेटाबेसची फाइल वनड्राइव्ह वा तत्सम आपोआप अपलोड होणाऱ्या फोल्डरमध्ये नको. उघडी फाइल ते सॉफ्टवेअर मधूनच धरून ठेवतं आणि लॉगर अडखळतो. विंडोज 'डॉक्युमेंट्स' फोल्डर न विचारता वनड्राइव्हमध्ये हलवतं, तेवढं तपासा.

स्टेशनचा कॉलसाइन सगळीकडे क्लबचा. ऑपरेटरचा कॉलसाइन ज्याचा त्याचा, कंट्रोल आणि ओ दाबून. शिफ्ट बदलली की हे पहिलं काम. कॅब्रिलो फाइलमध्ये (स्पर्धेला पाठवायचा लॉग) सगळ्या ऑपरेटरांची यादी द्यावी लागते, ती नंतर आठवून लिहिणं म्हणजे शोधाशोध.

गटाच्या खान्यांत पाचही संगणकांवर अक्षरशः एकच निवड. नंबर बँडवार द्यायचे की सलग, हे लॉगर त्यावरून ठरवतो. विश्वास ठेवू नका, तपासा: तालमीत २० वर एक खोटा संपर्क टाका, मग १५ वर एक. दोन्हींना ००१ मिळाला तर बरोबर. दुसऱ्याला ००२ मिळाला तर गट चुकलाय. हे पाहिल्यावर खोटे संपर्क पुसत बसू नका, डेटाबेसच नवा करा.

वेळ : स्पर्धा शनिवारी ०००० यूटीसी ते रविवारी २३५९, म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे ५:३० ते सोमवारी पहाटे ५:३०. लॉगर संगणकाच्या घड्याळावरून यूटीसी काढतो. टाइम झोनच चुकीचा असेल तर घड्याळात बरोबर वेळ दिसूनही लॉग अर्ध्या तासाने किंवा जास्तच सरकतो. प्रत्येकाने लॉगरमधली यूटीसी वाचून दाखवा, भिंतीवरच्या घड्याळाची वेळ नको.

---

लांबतार

४० च्या हस्तांतरणाचं सांगा ना. लॉगर एका बँडवर दोघांना अडवू शकत नाही का?

---

बालून_एकास_एक

एका खोलीतल्या लॅनवर अशा कुलपांवर विसंबता येतं, इंटरनेटवर नाही. निरोप दोन सेकंद उशिरा पोहोचला की दोन्हीकडे पीटीटी (बोलायचं बटण) दाबलेला. आणि जाळं तुटलं की दोघांनाही बँड मोकळाच दिसतो. कुलूप माणसाच्या तोंडी असू द्या.

मंबलवर (नेटवरून बोलायचं अॅप) सगळी स्टेशनं एका खोलीत, फोन नंबरांचा कागद भिंतीवर. मग:

१:५५ ला नागपूर ४० वर येतं, फक्त ऐकतं. पीटीटीला हात नाही. मायक्रोफोनचा प्लग काढून ठेवला तर आणखी बरं.
नागपूरच्या लॉगमध्ये ४० चे संपर्क किती आणि शेवटचा नंबर कोणता, ते मंबलवर वाचून दाखवतं. साताऱ्याशी जुळलं पाहिजे. जुळलं नाही तर नेटवर्क विंडोतून रीसिंक.
सातारा चालू संपर्क पूर्ण करून लॉग करतं आणि मोठ्याने म्हणतं: "चाळीस सोडलं, शेवटचा तीनशे सतरा."
नागपूर म्हणतं: "तीनशे सतरा मिळाला, माझ्याकडे पुढचा तीनशे अठरा दिसतोय."
साताऱ्याने रिग ४० वरून हलवली, की मग नागपूरचा पहिला सीक्यू (सगळ्यांना हाक).

वारंवारता तीच ठेवायचा हट्ट नको. सातारा जिथे स्वच्छ ऐकत होतं तिथे नागपूरला दुसरंच कुणी जोरात ऐकू येत असतं.

आणि जाळं तुटलेलं असेल तर हस्तांतरण नाही. सातारा पंधरा मिनिटं जास्त बसेल. एडीआयएफ फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवून नागपूरने आत घ्यायची, हा मोह होतो. पण जाळं परत जोडलं की तेच संपर्क साताऱ्याकडून रीसिंकने पुन्हा येतात. लॉगर प्रत्येक संपर्काला एक अंतर्गत ओळख देतो, आयात केलेल्याला वेगळी मिळते, म्हणून ३१७ चे ६३४ होतात. निस्तरता येतं, पण सोमवारी सकाळी कुणाला निस्तरायचंय?

---

डिट्डा

यापेक्षा सोपा उपाय : बँड हलवू नका, माणूस हलवा. ४० ची रिग साताऱ्यालाच राहू दे, रात्री दोनला नागपूरचा ऑपरेटर ती दुरून चालवेल. लॉग साताऱ्याच्याच संगणकावर, नंबरांची साखळी अखंड.

दुरून म्हणजे साताऱ्याच्या संगणकाचा पडदा रिमोट डेस्कटॉपने घ्यायचा, ध्वनी वेगळ्या वाटेने, मंबल किंवा सोनोबस. लॉगर रिगच्या शेजारी चालला पाहिजे, ऑपरेटरच्या घरी नव्हे. मग कॅट केबल (रिगला संगणकाशी जोडणारी) जागच्या जागी, आणि सीक्यूची रेकॉर्ड केलेली वेव्ह फाइलही तिथूनच वाजते. फोर-जी अडखळलं तरी तुमचा सीक्यू तुटक जात नाही.

रिगच्या मेनूतला टाइम-आउट टायमर ३ मिनिटांवर ठेवा. पीटीटी दाबलेला असताना जोडणी गेली तर रिग ट्रान्समिटवरच अडकून बसते. आणि साताऱ्याला रिगजवळ एक परवानाधारक झोपलेला असला तरी चालेल, पण असला पाहिजे. मार्च आहे, वळवाचा ढग आला तर अँटेना काढायला हात लागतात.

---

खरखर

आमचा एक सभासद मस्कतला असतो. त्याला रात्रीची शिफ्ट देता येईल का? आणि पोर्ट ब्लेअरचा एक मित्रही उत्सुक आहे.

---

डिट्डा

पोर्ट ब्लेअर नाही. अंदमान डीएक्ससीसीत वेगळं धरतात आणि ते झोन २६ मध्ये आहे, आपण २२. लक्षद्वीप झोन २२ मध्येच, पण डीएक्ससीसी वेगळं, म्हणून तेही नाही.

मस्कतच्या माणसाकडे भारताचा वैध परवाना आहे का, आणि क्लबच्या परवान्यात दुरून चालवण्याबद्दल काय म्हटलंय, ते आधी पाहा. हाच प्रश्न तुमच्या चारही ठिकाणांना लागू आहे. परवान्यात स्टेशनचा पत्ता असतो. क्लबचा कॉलसाइन इतर तीन पत्त्यांवरून वापरायचा तर डब्ल्यूपीसीकडून (केंद्र सरकारची रेडिओ परवाने देणारी शाखा) आधी लेखी घ्या. लॉगरचं काम एका संध्याकाळचं असतं, या कागदाचं नसतं. लांबतार, हे आजच हातात घ्या.

परदेशातला वेबएसडीआर (नेटवरून ऐकायचा रिसीव्हर) ऐकून संपर्क लॉग करणं अर्थातच बाद. रिसीव्हरही त्याच झोनमध्ये हवा.

---

कोरडी_बॅटरी

वीज आणि आरएफ (आपल्याच रिगच्या रेडिओ लहरींचा उपद्रव) यांवर कुणी बोललं नाही, म्हणून.

फायबर असेल तिथे दोन डबे असतात, ओएनटी (फायबर ज्यात येतं तो) आणि राउटर. लोक राउटरला बॅकअप देतात आणि ओएनटी विसरतात. दोन्ही मिळून १२ व्होल्टला दीड अँपिअर धरा. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची नवी बॅटरी साडेतीन तास काढते, दोन वर्षं जुनी असेल तर निम्मं धरा. बॅटरी थेट जोडू नका. चार्जर लागलेला असताना १३.८ व्होल्ट असतात आणि डिस्चार्ज होताना ११ पर्यंत उतरतात. मधे १२ व्होल्ट स्थिर देणारं बक-बूस्ट मॉड्यूल टाका, आणि त्याची खरखर बँडवर ऐकू येते का ते आधी ऐका. स्वस्त मॉड्यूल ८० मीटरवर हमखास बोलतात.

आरएफ : १०० वॉट सुरू केले की राउटर रीस्टार्ट, माउस गोठणं, कॅट तुटणं. शेवटचं सर्वात घातक, कारण त्याचा आवाज होत नाही. यूएसबी तुटली की लॉगर शेवटच्या माहीत असलेल्या बँडवर अडकतो. नागपूरला हे नक्की चावेल, कारण तिथे एका रिगवर दोन बँड आहेत. रिग १६० वर, लॉगर ८० वर, आणि तासभराचे संपर्क ८० च्या नंबरांनी जातात. म्हणून बँड बदलला की एन्ट्री विंडोच्या माथ्यावरची वारंवारता वाचायची सवय लावा.

उपाय फेराइट (कड्याच्या आकाराचा चुंबकीय पदार्थ), पण मिक्स ३१ या प्रकाराचंच. आपल्या बँडसाठी तेच. केबलवर नुसतं चिमटून उपयोग नाही, यूएसबी आणि लॅनची केबल कड्यातून चार-पाच वेळा गुंडाळा. वेढे दुप्पट केले की अडथळा जवळपास चौपट होतो. यूएसबी केबल दीड मीटरपेक्षा लांब नको. फीडलाइनवर (रिग ते अँटेना केबल) अँटेनाच्या टोकाला चोक : एफटी२४०-३१ कड्यावर आरजी-५८ चे दहा-बारा वेढे.

---

लांबतार

फारच उपयोगी. चुकीचा लॉग झालेला संपर्क लगेच पुसायचा ना? की तसाच ठेवायचा?

---

बालून_एकास_एक

स्पर्धा चालू असताना पुसू नका. तुम्ही पुसला तेव्हा सातारा जाळ्याबाहेर असेल तर त्यांच्याकडे तो राहतो, आणि रीसिंकने भूत परत येतं. मंबलवर किंवा टॉक विंडोत लिहा: बँड, वेळ, कॉलसाइन, काय चुकलं. प्रत्येक स्टेशनने एक वही ठेवावी. दुरुस्त्या शेवटी एकाच माणसाने, मास्टरवर.

डुप आले तर पुसायचेच नाहीत, त्यांना दंड नाही. अर्धवट संपर्क, ज्यात समोरच्याला आपला नंबर मिळाला की नाही याची खात्री नाही, तो कॅब्रिलोत एक्स-क्यूएसओ म्हणून ठेवता येतो. तुम्हाला गुण नाहीत, पण त्याने तुम्हाला लॉग केलं असेल तर त्याचं नुकसान होत नाही.

सोमवारी पहाटे साडेपाचनंतर : कुणीही संगणक बंद करायचा नाही. आधी रीसिंक. मग प्रत्येकाने आपल्या बँडचा आकडा वाचायचा आणि तो मास्टरच्या त्याच बँडच्या आकड्याशी जुळला पाहिजे. न जुळल्यास त्या स्टेशनची एडीआयएफ घेऊन मिनिटवार तुलना. प्रत्येकाने एडीआयएफ आणि डेटाबेसची प्रत पेनड्राइव्हवर घ्यायची, मगच झोपायचं. लॉग पाठवायला पाच दिवस असतात, पण पहिल्या दिवशीच पाठवा. कॅब्रिलोमध्ये स्टेशनच्या ओळीत 'डिस्ट्रिब्युटेड' आलंय ना ते पाहा, लॉगरने 'फिक्स्ड' टाकलेलं असू शकतं.

---

लांबतार

ठरलं. ४० ची रिग साताऱ्यालाच, माणूस दुरून. डब्ल्यूपीसीच्या पत्राचा मसुदा आज रात्री. रविवारी चारही ठिकाणी डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रोध) लावून दोन तास तालीम करतोय, प्रत्येक स्टेशन दर पाच मिनिटांनी एक खोटा संपर्क टाकेल.

---

कोरडी_बॅटरी

डमी लोडवर राउटर कधीच पडणार नाही. लॉगरची तालीम डमी लोडवर करा, पण नंतर अर्धा तास खऱ्या अँटेनावर, पूर्ण पॉवरने, स्वतःच्या कॉलसाइनने बोला. नागपूरने ८० आणि १६० दोन्हीवर. त्या अर्ध्या तासात नेटवर्क विंडोकडे एका माणसाने नुसतं बघत बसायचं.

---

वायरगार्डवाला

आणि तालमीत एकदा मुद्दाम साताऱ्याच्या फोर-जी राउटरची पिन काढा. दहा मिनिटं तसंच लॉग करू द्या, मग लावा. किती वेळात टेलस्केल परत जोडतं, रीसिंक हाताने मारावं लागतं का आणि आकडे जुळतात का, ते इथे टाका.